वीस रुपयांचे भांडण

सोलापुरात विडी वळणाऱ्या आयांची मुले मी पाळणाघरात सांभाळत असे. २०१७ साली या योजनेतला केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आला. ३० टक्के राज्यावर पडले. अनुदान दोन दारी अडू लागले, माझे ३,००० रुपयांचे मानधनही थकले. फी मागितली तर एक आई कडाडली, "आपा, सरकारी पाळणाघराला पैसे कसले?" दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपयेच होते, पण तिच्या मजुरीत तेही जड. तिने बाळ थोरल्या लेकीच्या कडेवर दिले. लेकीची शाळा सुटली. भांडलो आम्ही दोन गरीब बायका. पैसे अडवणारे त्यात कुठेच नव्हते. २०२२ मध्ये योजनेचे नाव 'पालना' झाले. ती लेक आज विड्या वळते.