थंड मुलखातली बॉक चॉय

या वेळी एका भाजीविषयी लिहिते आहे. मागच्या वर्षी एप्रिलअखेरपासून सहा महिने मी लेकीकडे, कॅनडातल्या कॅल्गरी शहरात होते. तिथे बॉक चॉयने आम्हा मायलेकींना चांगलेच कामाला लावले. लेकीला विचारूनच हे लिहिते आहे. "लिही," ती म्हणाली, "फक्त माझं नाव घालू नकोस."

चायनीज जेवणाच्या सूपमध्ये आपण ही भाजी खाल्लेली असते. बॉक चॉय म्हणजे कँटनी बोलीत 'पांढरी भाजी'. देठ जाड आणि पांढरे, पाने चमच्यासारखी आणि गडद हिरवी. कोबीसारखा गड्डा ती धरत नाही. मोहरीच्या कुळातली आहे, आणि आपला सलगम तर तिचा सख्खा भाऊच. शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरतात. पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत काढायला येते, छोटे वाण असेल तर महिन्याभरात. म्हणजे उन्हाळा आखूड असेल तिथे ही भाजी सगळ्यांत सोपी, असे कोणालाही वाटेल.

कॅल्गरीचा उन्हाळा आखूडच. शहर ५१ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी येते, तोवर टोमॅटोसारखी नाजूक रोपे कोणी बाहेर काढत नाही. सप्टेंबर लागला की पुन्हा रात्री गोठायला लागतात. मधल्या दिवसांत गारपीट कधी येईल त्याचा नेम नाही. त्यामुळे माती जरा मऊ झाली की सगळे शहर खुरपे घेऊन बाहेर पडते. थांबायला कोणाला परवडत नाही.

मी तिकडे भाजी लावायला गेले नव्हते. मार्चमध्ये, तिसऱ्या महिन्यात, लेकीचे बाळ गेले. पहिलेच होते. मी पोचेपर्यंत ती कामावर परत जाऊ लागली होती. स्वयंपाक करत होती, हसतसुद्धा होती, पण रात्री उठून बैठकीत बसायची. आणि आपल्याकडून फोन यायचे. प्रेमानेच यायचे, हे मला माहीत आहे. जड काही उचललं होतंस का? पपई खाल्लीस का? एवढा प्रवास कशाला केलास? एकीने तर विचारले, रोझरी चुकत होती का गं? लेक शांतपणे उत्तरे द्यायची आणि फोन ठेवल्यावर तेच प्रश्न पुन्हा स्वतःला विचारायची.

त्यांच्या चर्चच्या मागे भाजीचे वाफे आहेत, लाकडी चौकटीत माती भरलेले. एकेक कुटुंब एकेक वाफा सांभाळते, आणि निम्मी भाजी गरजूंच्या फूड बँकेला जाते. लेकीने मेच्या सुरुवातीला बॉक चॉय पेरली. पाकिटावर लिहिलेच होते की माती खणता आली की पेरा, आणि खरेच, बी थंड मातीतही रुजले. मग बारीक काळे भुंगेरे आले. हात लावला की पिसवेसारखे उडी मारतात आणि पानांना टाचणीएवढी भोके पाडतात. त्या भागात मैलोन् मैल कॅनोला पिकतो. तोही मोहरीच्याच कुळातला, त्यामुळे या किड्यांना तिथे माहेर मिळाले आहे. आम्ही वाफ्यावर पातळ पांढरे कापड ताणले, आपल्याकडे डाळिंबावर क्रॉप कव्हर घालतात तसे, आणि कडा मातीत दाबल्या. रोपे वाचली.

आणि जूनच्या मध्यावर, पाच-सहा पानांचीच असताना, सगळीच्या सगळी फुलावर गेली. मधून दांडा वर आला, टोकाला पिवळ्या कळ्या. आपल्याकडे कांद्याला डेंगळे येतात ना, अगदी तसे. मी पस्तीस वर्षे परसात भाजी लावते आहे, पण इतक्या लहान रोपांना इतक्या घाईने फुलताना मी पाहिले नव्हते. लेक वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. म्हणाली, "आई, माझ्या हातून काही जगतच नाही."

त्या वाक्यावर मला काही बोलता आले नाही.

बोलल्या त्या शेजारच्या वाफ्यातल्या आंटी. मूळच्या हाँगकाँगच्या, वय ऐंशीच्या घरात, त्याच चर्चच्या. त्यांनी वाकून पाहिले आणि "जून, जून" म्हणत हसल्या. मग मोडक्या इंग्रजीत समजावले. हे रोप दोन गोष्टींचा हिशेब ठेवते. कोवळेपणी थंडी लागली, बरेच दिवस पारा दहाच्या खाली राहिला, की रोपाला वाटते हिवाळा होऊन गेला. त्यानंतर दिवस लांब झाला की त्याला वाटते आता फुलायची वेळ आली. कॅल्गरीत मेच्या रात्री थंड, आणि जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. आपल्या बेळगावात सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास असतो, म्हणून मला हे कधी भेटले नव्हते. माती चांगली होती, पाणी वेळेवर होते, बी खरे होते. रोप आकाशाकडे पाहून वागत होते. पेरणाऱ्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता.

लेकीच्या डॉक्टरांनीही मार्चमध्ये असेच काहीतरी सांगितले होते. पहिल्या तीन महिन्यांत बाळ जाते तेव्हा बहुतेक वेळा गुणसूत्रांतच बिघाड असतो. जिने चढल्याने, कामावर गेल्याने, मनाला लावून घेतल्याने तसे होत नाही. तिने ते ऐकले होते, पण पटले नव्हते. बॉक चॉयमुळे लगेच पटले असे मी म्हणणार नाही. पण त्या रात्री तिने योहानाचे शुभवर्तमान काढले. नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून प्रभूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांनाही त्यातून सोडवतो आणि मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावतो. लेक म्हणाली, "बघ आई, तेव्हाही लोकांचा पहिला प्रश्न हाच होता." बहिणींनो, मलाही वाटते की आपण फोन लावतो तेव्हा त्या शिष्यांसारखेच विचारतो. विचारण्याआधी जरा थांबलो तर बरे.

आंटींनी फुललेली रोपे टाकू दिली नाहीत. कळ्या उमलायच्या आत दांडे कापायचे, लसूण तेलात परतून त्यावर टाकायचे, दोन मिनिटांत उतरवायचे. चिनी लोक अशा दांड्यांना आवडीने खातात. त्यांच्या बाजारात 'चॉय सम' मिळते, म्हणजे भाजीचा गाभा. किंचित कडसर, पण गोडच. आम्ही भाताबरोबर खाल्ले. जावई दोनदा घेऊन जेवले.

दुसरी पेरणी २४ जुलैला केली, आंटींच्या सांगण्यावरून. तिथले शेजारी तेव्हा काढणीच्या गोष्टी बोलत होते, नवे बी टाकणारी आमचीच जोडी. माती ऊबदार होती, चौथ्या दिवशी कोंब वर आले. पुढे दिवस रोज थोडा थोडा आखूड होत गेला, त्यामुळे फुलायची घाई नाही. विरळणी करताना उपटलेली रोपे कोशिंबिरीत गेली. पांढरे कापड मात्र पहिल्या दिवसापासून ठेवले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पारा शून्याखाली गेला. बाजूचे घेवडे काळे पडले, पण बॉक चॉय कापडाखाली तशीच उभी. हलक्या थंडीत ही भाजी पानांत साखर धरते, म्हणून उलट गोड लागते. ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला, आम्ही काढणी सुरू केली. आपल्याकडे मंगळूरकडची कुटुंबे त्या दिवशी भाज्याच शिजवतात, ते आठवले. निम्मी फूड बँकेला दिली, एक जुडी आंटींना. लेकीने त्या दिवशी बाळासाठी मिस्सा वाहायला सांगितली. पहिल्यांदाच तिने ते स्वतःहून मोठ्याने म्हटले, माझ्या बाळासाठी.

आपल्याकडे लावायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. दिवस लहान, थंडी बेताची. डेंगळ्यांची भीती जवळजवळ नाही. वाफ्यात ओल कायम ठेवा, नाहीतर देठ चिवट होतात. दोन रोपांत वीतभर अंतर सोडा. माझ्या परसात या वेळी दोन वाफे आहेत. ज्यांना चाखून पाहायची आहे त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलपाशी भेटावे, जुड्या बांधून आणते. येताना पिशवी आणा.