दिल्लीची खरी ओळख गल्लीबोळांतल्या चवीतून

दिल्लीला सहलीसाठी जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट पाहतात, करोलबागेत खरेदी करतात आणि आग्र्याची वाट धरतात. जेवणाचा प्रश्न आला की हॉटेलातच पनीरची भाजी व रोटी मागवून मोकळी होतात. पण ज्यांनी जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांतून पोट भरले नाही, त्यांनी दिल्ली अर्धीच पाहिली असे म्हणावे लागेल.

शहाजहानने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचा पाया घातला आणि त्याच्याभोवती शहाजहानाबाद वसले. त्याची मुलगी जहांआरा हिने चांदणी चौकाची आखणी केली. एकेकाळी या रस्त्याच्या मधून कालवा वाहत असे. आज तिथे माणसांचा पूर वाहतो. २०२१ मध्ये रस्त्याची नव्याने बांधणी झाली आणि दिवसा मोटारींना बंदी आली, त्यामुळे मुलाबाळांना घेऊन फिरणे पूर्वीपेक्षा सुखाचे झाले आहे.

न्याहारीची मौज

दिल्लीकराची सकाळ बेडमी-आलूने सुरू होते. भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीचे सारण भरलेली ही कणकेची पुरी बटाट्याच्या झणझणीत रस्साभाजीबरोबर खातात. सोबतीला नागोरी-हलवा, म्हणजे रव्याची लहानशी खुसखुशीत पुरी आणि शिरा. तिखटावर गोडाचा हा उतारा मुलांनाही आवडतो.

पराठेवाली गल्ली तर प्रसिद्धच आहे. इथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. बटाटा, फ्लॉवर, मटार, मुळा यांच्यापासून थेट रबडीपर्यंत सारणाचे अनेक प्रकार. जुन्या दुकानांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. पराठ्याबरोबर 'सीताफल की सब्जी' येते. हे ऐकून मराठी पाहुणा गोंधळतो, पण दिल्लीत सीताफल म्हणजे लाल भोपळा!

जवळच्या किनारी बाजारात खुरचन मिळते. दूध आटवताना कढईला धरलेली साय खरवडून, साखर घालून ही मिठाई करतात. आपल्याकडे बासुंदीच्या पातेल्यातल्या खरवडीसाठी भावंडांची भांडणे होतात, इथे तीच खरवड वजनावर विकली जाते. दरीबा कलानच्या कोपऱ्यावर १८८४ पासून चाललेले जिलबीचे दुकान आहे. बोटाएवढ्या जाड, साजूक तुपातल्या जिलब्या. एकीतच समाधान होते.

सामिष खाणाऱ्यांनी जामा मशिदीकडे वळावे. हाजी करीमुद्दीन यांनी १९१३ मध्ये इथल्या एका बोळात 'करीम'ची सुरुवात केली. कबाब, कोरमा आणि रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी ही या भागाची खासियत. निहारी हा शब्द सकाळ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. म्हणूनच खरे शौकीन ती पहाटेच खातात.

निर्वासितांची देणगी

जी पक्वान्ने आज देशभर 'दिल्लीची' म्हणून ओळखली जातात, ती मात्र मोगलांची नव्हेत. १९४७ च्या फाळणीत पंजाब आणि सरहद्द प्रांतातून लाखो माणसे घरदार सोडून दिल्लीत आली. जमीन, दुकान, वाडा सारे मागे राहिले. हातातली चव तेवढी बरोबर आली. कोणी हातगाडीवर छोले-भटुरे विकले, कोणी तंदूर पेटवला. पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये 'मोतीमहल' काढले. उरलेली तंदुरी कोंबडी कोरडी पडू नये म्हणून ती टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात सोडली आणि बटर चिकन जन्मले, असे सांगतात. हा मान नेमका कोणाचा, यावरून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला. एका पदार्थासाठी नातवंडे भांडतात, यावरून त्या पिढीने पोटासाठी केलेल्या धडपडीचे मोल कळते. छोले-भटुऱ्यांची ताटली समोर आली की हा इतिहास आठवावा.

थंडीतली 'दौलत'

डिसेंबर-जानेवारीत गेल्यास 'दौलत की चाट' चुकवू नये. नाव चाट असले तरी हा गोड पदार्थ आहे. दूध रात्री थंडीत, दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस अलगद काढतात. वर केशर, खवा आणि बारीक साखर. जिभेवर ठेवताच विरघळतो, चावायला काही उरतच नाही. ऊन तापले की फेस बसतो, म्हणून तो हिवाळ्यातच मिळतो. रात्रभर राबून केलेली ही दौलत विक्रेत्याला दुपारपूर्वी संपवावीच लागते. याच दिवसांत निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्यांची आंबट-तिखट चाट, तसेच किसलेला मुळा घातलेले मूगडाळीचे 'रामलड्डू' रस्तोरस्ती दिसतात.

थोडी काळजी

चांदणी चौकात मेट्रोने जाणेच सोयीचे. सकाळी लवकर निघावे, एकाच दुकानात पोट भरू नये, एक ताटली चौघांत वाटून घ्यावी. गरम, समोर तळलेलेच खावे आणि पाणी बरोबर ठेवावे. परतताना खारी बावलीच्या मसाला बाजारातून थोडे मसाले जरूर घ्यावेत. घरी छोले शिजतील तेव्हा त्यांच्या वासाबरोबर दिल्लीही पुन्हा आठवेल.