उज्जयिनीच्या रस्त्यांस साजेल अशी गाडी

बोरिवलीस रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलेला मनुष्य सकाळी नागद्याच्या आसपास जागा होतो आणि चहाचा पेला संपतो न संपतो तोच उज्जैन येते. आमच्या वसईकडची माणसे या गाडीने कोणी नोकरीनिमित्त, कोणी लग्नकार्यास, तर कोणी केवळ माळवा पाहावयास जात असतील. परंतु मोटारसायकल निवडून देण्याकरिता उज्जैनला गेलेला मीच एकटा असेन. त्यातही गंमत अशी की मला स्वतःला गाडी चालविता येत नाही.

हकिकत अशी. माझा भाचा तेथील एका हॉस्पिटलात क्ष-किरण विभागात काम करतो. तो राहतो नानाखेड्यास, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला, आणि हॉस्पिटल उत्तरेकडे आगर रस्त्याच्या बाजूस. मध्ये सात किलोमीटरचे अंतर. दिवसा ई-रिक्षा मिळतात. पण क्ष-किरणाचे काम दिवसरात्र पाहत नाही. एकदा रात्री दोन वाजता अपघाताच्या रुग्णासाठी बोलावणे आले, वाहन मिळेना, म्हणून हा मुलगा तासाभराहून अधिक वेळ चालत गेला. त्यानंतर त्याने आईजवळ गाडीचा विषय काढला.

हा विषय आमच्या घरात सहसा निघत नाही. माझ्या बहिणीचे यजमान सोळा वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोटारसायकलवरूनच गेले. ते वेगात नव्हते. समोरून येणाऱ्या बसला वाट द्यावी म्हणून ते रस्त्याच्या कडेस थांबले. गाडी उंच होती. टेकावयास गेलेला पाय पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेला आणि गाडीसह ते रस्त्याच्या बाजूस कलंडले. मागून ट्रक येत होता. शिरस्त्राण त्यांच्याजवळ होते, पण ते डाव्या कोपरात अडकविलेले होते. तेव्हापासून बहिणीच्या अंगणात दुचाकी उभी राहिलेली नाही.

मुलगा चालत गेल्याचे ऐकून ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी केळी आणि मोगरा विकून साठविलेले एक लाख दहा हजार रुपये तिने माझ्यापुढे ठेविले. “दादा, तू स्वतः जा,” ती म्हणाली. “रंग, किंमत, कंपनी तुम्ही मामा-भाचे पाहा. पण त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. एक नव्हे, दोन्ही.”

उज्जैनला पोचलो तो भाच्याच्या मनात निराळेच होते. रविवारी मित्रांबरोबर देवास, इंदूर, पुढेमागे मांडूगडापर्यंत जावे, याकरिता त्यास ३५० सी. सी.ची गाडी हवी होती. आईचे पैसे आरंभी भरावयाचे व उरलेले हप्त्यांनी फेडावयाचे, असा त्याचा बेत. “मामा, लहान गाडी ही दूधवाल्याची गाडी,” तो म्हणाला. मी म्हटले, दूधवाला पहाटे चारला कोणत्याही ऋतूत घरी येतो, त्यास गाडीतले काही कळत असलेच पाहिजे. यावर तो हसला, परंतु पटल्याचे चिन्ह दिसले नाही. तरुण माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्यास रस्त्यावर न्यावे हे बरे. त्याच्या एका सहकाऱ्याजवळ क्लासिक ३५० होती, दुसऱ्याजवळ १२५ सी. सी.ची साधी गाडी. शनिवार-रविवारपुरती दोन्ही मागून आणविली.

येथे उज्जैनच्या रस्त्यांविषयी सांगावयास हवे. आगगाडीच्या रुळांनी या शहराचे दोन भाग केले आहेत. पूर्वेस फ्रीगंज, त्याचे खरे नाव माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांच्या कारकिर्दीत वसलेले. तेथील रस्ते सरळ आणि रुंद आहेत. पूल ओलांडून पश्चिमेस गेले की देवासगेट लागते आणि मग जुने उज्जैन सुरू होते. दौलतगंज, कंठाळ, छत्री चौक, पटनी बाजार ही सर्व पेठ घोडा, पालखी आणि पायी चालणारा यांच्या मापाने बांधलेली आहे. १८१० साली शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरास गेली, परंतु येथे मराठी खूण पावलोपावली भेटते. गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांचे. महाकाळाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभे केले. या देवळाभोवतीचे महाकाल लोक हे विस्तीर्ण आवार ऑक्टोबर २०२२ मध्ये खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी अतोनात वाढली आहे. श्रावणातील सोमवारी सवारी निघते तेव्हा अर्धे शहर बंद असते. २०२८ च्या सिंहस्थाकरिता रस्ते रुंद करण्याची कामे चालली आहेत. म्हणजे आज जो रस्ता आहे तो उद्या खणलेला असावयाचा. खाली माळव्याची काळी माती. पहिल्या पावसात ती लोण्यासारखी होते.

शनिवारी संध्याकाळी मोठ्या गाडीवर भाचा पुढे व मी मागे असे निघालो. फ्रीगंजमध्ये तर राजेशाही वाटली. तिचा धडधड आवाज पोटात जाणवतो, माणसे वळून पाहतात, आणि माझ्यासारख्या उतारवयाच्या गृहस्थासही क्षणभर ताठ बसावेसे वाटते. पूल उतरून छत्री चौकाच्या पुढे आलो आणि पटनी बाजारात एक गाय, दोन ई-रिक्षा व हारांची हातगाडी यांच्यामध्ये अडकलो. गाडी मागे घ्यावयाची होती. रस्त्यास किंचित उतार होता. ही गाडी १९५ किलोची, त्यावर आम्ही दोघे. भाच्याची उंची बेताची. पायांची बोटे टेकत, पण टाचा अधांतरी. बोटांच्या टोकांवर दोनशे किलो लोखंड चढावर मागे ढकलणे ही गोष्ट साधी नव्हे. अखेर मी उतरून गाडी पाठीमागे ओढू लागलो, आणि एका दुकानदाराने येऊन हात दिला. भाचा घामाघूम झाला. मला त्या क्षणी माझ्या बहिणीचे यजमान आठवले. पण मी काही बोललो नाही, आणि तोही बोलला नाही.

नंतर त्याच वाटेने १२५ ची गाडी घेऊन गेलो. ११५ किलोच्या आसपास तिचे वजन. गाय तीच होती की दुसरी, कोण जाणे, पण तशीच आडवी आली. भाच्याने दोन्ही तळवे जमिनीवर ठेविले, बसल्या बसल्या गाडी दोन हात मागे घेतली आणि कडेने काढली.

घरी येऊन आम्ही माहितीपत्रके पाहिली तेव्हा एक मौज आढळली. क्लासिकची बैठक ८०५ मिलिमीटर उंच, तर सर्वांच्या परिचयाच्या ९७.२ सी. सी.च्या स्प्लेंडरची ७८५. म्हणजे अंतर केवळ दोन सेंटिमीटरचे! मग टाचा का टेकल्या नाहीत? कारण मोठ्या गाडीची बैठक व टाकी रुंद असते. मांड्या फाकतात आणि पाय तितका आखूड होतो. तेव्हा वाचकहो, घरात कोणी गाडी घेणार असेल तर छापील उंचीवर विसंबू नये. गाडीवर बसून, पायांत नेहमीच्या चपला घालून, मागे एक माणूस बसवून पाहावे. दुकानात सहसा हे कोणी सुचवीत नाही.

रविवारी सकाळी मिस्सा आटोपून देवासला निघालो. अंतर ३७ किलोमीटर. सोबत त्या सहकाऱ्याची लहान गाडी होतीच. देवास हे एकाच गावात दोन राजगाद्या असलेले पवारांचे संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती. जाताना थोरल्या गाडीवर जावे व येताना धाकटीवर यावे असे आम्ही ठरविले. थोरलीची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. मोकळ्या रस्त्यावर ती संथ, जड आणि सुखाची. मालमोटार शेजारून गेली तरी वाऱ्याने हलत नाही. पाठ दुखत नाही. ज्या पठाराच्या हवेसाठी क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व येथे राहावयास आले व १९९२ साली निधन होईपर्यंत येथलेच झाले, ती हवा तोंडावर घेत जाण्यात आनंद होता हे कबूल केले पाहिजे. टेकडीवर चढलो, पोहे-जिलबी खाल्ली आणि धाकटीवर बसून परतलो. ताशी पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत ती निमूट चालली. सत्तरच्या पुढे गेली की हातांना मुंग्या येऊ लागत, आणि मोठी मालमोटार ओलांडून गेली की अंगास झटका बसे. “हे मात्र शंभर सी. सी.च्या गाडीत अधिक जाणवेल,” भाचा म्हणाला. मला ते योग्य वाटले. केवळ शहरात हिंडावयाचे असते तर शंभरची गाडी पुरी होती. दोन माणसे घेऊन देवासच्या रस्त्याला लागावयाचे तर पंचवीस सी. सी.चा अधिक दम हाताशी असावा. सत्तरच्या पुढे जाण्याचे कारण मात्र मला अजून कळलेले नाही.

परतताना भाच्याने पीथमपूरची गोष्ट काढली. इंदूरच्या पलीकडे धार जिल्ह्यातले हे कारखान्यांचे गाव. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा ही गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर १९८० च्या दशकात तेथे बने. आमच्या गावच्या शाळेतील बाईंकडे ती होती आणि आम्ही ती नवलाने पाहावयास जात असू. आज तेथेच नव्या जावा गाड्या तयार होतात. २०२१ पासून तेथे वाहनांच्या परीक्षेकरिता ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा वर्तुळाकार मार्गही झाला आहे. मी म्हटले, त्या मार्गावर गाय नाही, खड्डा नाही, हाराची हातगाडी नाही. तेथे उतरलेली गाडी पटनी बाजारात उतरेलच असे नाही.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. रोजचे १४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३६४. रविवारचे ८० धरले तर चार रविवारांचे ३२०. एकूण ६८४. लहान गाडी लिटरला ६० किलोमीटर गेली तर साडेअकरा लिटर पेट्रोल. मोठी ३५ गेली तर साडेएकोणीस. आठ लिटरचा फरक, म्हणजे महिना साडेआठशे रुपयांच्या आसपास. त्यावर हप्ता वेगळा. शिवाय ३२० किलोमीटरच्या हौसेसाठी ३६४ किलोमीटरची अडचण पत्करावी काय, हा प्रश्न होताच. भाचा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, काल पटनी बाजारात गाडी पडली असती.” मी म्हटले, “हो.” या विषयावर आमचे तेवढेच बोलणे झाले.

सोमवारी दुकानात गेलो. ३५० सी. सी.पर्यंतच्या दुचाकींवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे किंमत आवाक्यात होती. परंतु फलकावरची किंमत निराळी आणि गाडी हाती येईपर्यंतची निराळी. नोंदणी, रस्ताकर आणि विमा यांची भर पडते. नव्या दुचाकीस त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. एवढे न्याय्य. त्यापुढे विक्रेत्याने जोडसाहित्याची जी यादी वाचली, त्यात टाकीचे आवरण, बाजूचे लोखंडी कठडे, चकाकी आणणारा लेप आणि कसलेसे वार्षिक सभासदत्व होते. मी प्रत्येक बाबीस “हे कायद्याने लागते काय?” एवढेच विचारीत गेलो, आणि यादी आपोआप आखूड झाली. साडीचे जाळे मात्र आम्ही ठेविले. त्या गाडीवर एखादे दिवशी माझी बहीण बसेल अशी मला आशा आहे.

ब्रेकच्या बाबतीत मी हट्ट धरला. २०१९ साली १२५ सी. सी. व त्याखालील गाड्यांना जोडब्रेक बंधनकारक झाला. पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे घाबरून केवळ पाय दाबणाराही काहीसा सावरतो. तथापि पुढच्या चाकास तबकडीचा ब्रेक असलेला प्रकार काही हजारांनी महाग होता, तो आम्ही घेतला. लाल रंग शिल्लक नव्हता, राखाडी मिळाला. उरलेल्या पैशांतून भारतीय मानक चिन्ह असलेली दोन शिरस्त्राणे घेतली. भाच्याच्या डोक्यास पहिली तीन सैल झाली. चौथे इतके घट्ट बसले की गालांची कातडी वर आली. विक्रेता म्हणाला, तेच बरोबर आहे, वापराने मऊ होते.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. संध्याकाळी तिच्यावरून आम्ही क्षिप्रेच्या बाजूस वेधशाळा पाहावयास गेलो. सवाई जयसिंगाने बांधलेली, आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या दरबाराने दुरुस्त केलेली. तेथील सम्राटयंत्राची सावली उज्जैनची स्वतःची वेळ दाखविते. आपल्या घड्याळापेक्षा ती सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते, ऋतूप्रमाणे काही मिनिटे अधिक-उणी. ती वेळ जुळवीत आम्ही उभे असता भाच्याचा फोन वाजला. आई होती, चित्र दिसणारा फोन.

त्याने गाडी दाखविण्याकरिता फोन माझ्या हाती दिला. मी टाकी दाखविली, दिवा दाखविला, तबकडीचा ब्रेक दाखविला. पलीकडून काहीच उत्तर नाही. मग ती म्हणाली, “त्याला बसायला सांग. आणि फोन खाली धर.”

भाचा गाडीवर बसला. मी वाकून फोन जमिनीजवळ नेला. दोन्ही चपला सपाट टेकलेल्या होत्या. ती पुष्कळ वेळ पाहत होती. मला वाटले, फोन बंद पडला.

“आता डोके दाखव,” ती म्हणाली.

शिरस्त्राण आरशावर अडकविलेले होते. भाच्याने ते घाईघाईने काढले आणि डोक्यावर चढविले.

“पट्टा,” ती म्हणाली.

त्याने पट्टा लावला.