फाइल सासरी, लेक माहेरी

सातव्या महिन्यात ओटी भरली, की वऱ्हाडातली पहिलटकरीण माहेरी निघते. सासर अकोल्याचं असेल तर मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला. बॅगेत साड्या, डब्यात लाडू, आणि तपासणीची फाइल सासरच्या कपाटात! स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझं भांडण त्या कपाटाशी आहे. इथल्या डॉक्टरला तिचा रक्तदाब १३०/८४ दिसतो. आकडा ठीक, पुढची बाई आत. तीच मुलगी तिसऱ्या महिन्यात १०४/६६ आणि पाचव्यात ९६/५८ होती, हे त्या टेबलावर कोणालाच ठाऊक नसतं.

गर्भारपणात रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, हृदयाचं काम जवळपास दीडपट होतं. साध्या हिशेबानं दाब चढायला हवा, पण तो उतरतो. प्रोजेस्टेरॉन, रिलॅक्सिन आणि वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात. विसाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास दाब तळाला जातो आणि पुढे हळूहळू चढत दिवस भरेपर्यंत मूळ पातळीवर येतो. त्यात मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन त्याच वाहिन्या आणखी सैल करतं. “मॅडम, उठलं का घेरी येते, सलाइन लावून द्या,” ही उन्हाळ्यातली नेहमीची मागणी. बहुतेकींना सलाइन लागत नाही. हिमोग्लोबिन पाहायचं, भरपूर पाणी प्यायला सांगायचं, उताणं न झोपता डाव्या कुशीवर झोप म्हणायचं. उताणं झोपलं की जड गर्भाशय मोठ्या नीलेवर दाबतं आणि हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं.

तेव्हा सातव्या महिन्यानंतर दाब थोडा चढणं नैसर्गिक आहे. पाहायचं ते एवढंच, की तो मूळ पातळी ओलांडून गेला का.

वाहिन्या आकुंचित करणारं अँजिओटेन्सिन या काळात शरीरात मुबलक असतं, पण निरोगी गर्भवतीच्या वाहिन्या त्याला फारशी दाद देत नाहीत. १९७३ मध्ये डॅलसच्या नॉर्मन गँट यांनी पहिलटकरणींना हे द्रव्य शिरेतून देऊन पाहिलं. ज्यांना पुढे प्रीएक्लाम्पसिया, म्हणजे गर्भारपणात दाब घातक चढण्याचा आजार झाला, त्यांची ही सहनशक्ती दाब वाढण्याच्या कित्येक आठवडे आधीच ओसरू लागली होती. पट्ट्यावरचा आकडा बिघडतो तो नंतर.

मूळ दुखणं वारेच्या मुळाशी असतं. गर्भाशयातल्या नागमोडी धमन्यांचा ठिबकच्या नळीसारखा अरुंद मार्ग सुरुवातीच्या महिन्यांत पाटासारखा रुंद व्हावा लागतो. तो नीट झाला नाही, की उपाशी वार आईच्या रक्तात घातक प्रथिनं सोडते. त्यांतलं एक, एसएफएलटी-१, बोस्टनमधल्या अनंत करुमांची यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवून दिलं. ते वाहिन्यांचं अस्तरच बिघडवतं. मग लघवीतून प्रथिनं जातात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि वेळ टळली तर झटके येतात.

पूर्वी वरचा आकडा ३० नं किंवा खालचा १५ नं वाढला तरी निदान करत. आता विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० ही रेषा धरतात आणि ते योग्यच आहे, नाहीतर निम्म्या निरोगी बायकांवर शिक्का बसेल. पण निदान झालं नाही म्हणजे लक्ष ठेवायला नको, असं नव्हे. वरच्या मुलीला मी चार दिवसांनी परत बोलावीन, लघवी तपासीन.

जोखीम असलेल्या बाईला सोळाव्या आठवड्याच्या आत अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू केलं, तर फायदा होतो. ते ठरवायची वेळ सासरी असतानाच येऊन जाते. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे हुकमी औषध. २००२ च्या मॅगपाय चाचणीत, दहा हजारांवर बायकांमध्ये, त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला.

बाळंतपण झालं की घरचे निर्धास्त होतात. पण दाब पुष्कळदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक चढतो, म्हणजे बाळंतीण घरी, डोक्याला फडकं बांधून शेक घेत असते तेव्हा. डोकं दुखतं म्हटलं तर आई म्हणते, “जागरण झालं माय, झोप थोडी.” त्यामुळे बाळाला दाखवायला आणतात त्या दिवशी मी आधी आईच्या दंडाला पट्टा बांधते.