बागेतले कुत्रे आणि आमचा अर्ज

आमच्या वस्तीजवळच्या महापालिकेच्या बागेत कुत्र्यांसाठी वेगळी जागा राखावी, तिथे त्यांना पट्ट्याशिवाय मोकळे सोडता यावे, अशी मागणी काही रहिवाशांनी केली आहे. त्यावरून सोसायटीत, मस्जिदीच्या पायऱ्यांवर आणि आमच्या स्टाफरूममध्येही वाद रंगला आहे. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, म्हणून विरोधाचा अर्ज लिहिण्याचे काम मोहल्ल्यातल्या लोकांनी माझ्याकडे आणले. "बाजी, तुमचं मराठी पक्कं आहे. लिहा, आमच्या मजहबात कुत्रा नापाक आहे, बागेत कुत्रे नकोत."

हे वाक्य मी लिहिले नाही. का, ते सांगते.

त्रास खरा आहे. फजरनंतर आमच्याकडच्या कितीतरी बायका त्या बागेत चालायला येतात. कुणाला साखर, कुणाचे गुडघे दुखतात. दुसरी मोकळी जागा नाही. मोकळा कुत्रा धावत येऊन बुरख्याला तोंड लावतो आणि मालक लांबून ओरडतो, "काही करत नाही हो तो!" चावत नसेल, पण त्या बाईला घरी जाऊन कपडे धुवावे लागतात. दोघीतिघींनी तर येणेच सोडले.

पण "आमच्या मजहबात" असे एका ओळीत लिहायचे म्हटले, तर आपल्यातच एकमत नाही. कोकणातली आपली बरीच कुटुंबे शाफई. त्यांच्याकडे कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुतात, त्यातले एकदा मातीने. हनफी मसलकात लाळ नापाक, पण कोरडे अंग कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. मालिकी उलेमांनी तर जिवंत कुत्रा पाकच मानला आहे. हे सगळे नियम आपल्या भांड्याचे, कपड्याचे आणि नमाजचे आहेत. मुक्या जिवाचा तिरस्कार करा, असे त्यात कुठे आहे? तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतो. सूरह कहफमधल्या त्या तरुणांबरोबर गुहेच्या तोंडाशी त्यांचा कुत्राही आहे.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. बाग सर्वांची आहे. आमच्या धर्माला चालत नाही म्हणून अमुक हटवा, असे आज आपण लिहिले, तर उद्या कुणी आपला बुरखा, आपला डबा, झाडाखाली पढलेली आपली नमाज याबद्दल तेच लिहील. तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलणार? शिवाय बागेतल्या हिंदू आजी-आजोबांनाही मोकळ्या कुत्र्यांची तितकीच भीती वाटते. धर्माचा अर्ज केला की ते आपल्यापासून तुटतात आणि साध्या नागरी तक्रारीचा हिंदू-मुस्लिम वाद होतो.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत बागेत पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालणे योग्य मानलेले नाही. वेळा ठरवून घ्याव्यात, सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवावा, असे त्यांचे सांगणे आहे. हैदराबादच्या कोंडापूर भागात महापालिकेने 2018 साली कुत्र्यांसाठी स्वतंत्र उद्यानच उघडले. कुंपण झाले तर कुत्रे कुंपणात राहतील. आज ते साऱ्या बागेत फिरतात, हाच तर आपला त्रास आहे.

म्हणून मी अर्ज वेगळा लिहिला. जागा द्या, पण उंच जाळीची आणि दुहेरी फाटकाची. ती चालण्याच्या वाटेपासून, मुलांच्या घसरगुंडीपासून आणि पिण्याच्या नळापासून दूर असावी. कुंपणाबाहेर पट्टा सक्तीचा असावा. रेबीजच्या लसीचा दाखला पाहूनच आत सोडावे. विष्ठा मालकाने उचलावी, नाहीतर दंड भरावा.

मोहल्ल्यात सगळ्यांना हे पटले नाही. एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "दीनचं नाव घ्यायला लाजलीस का?" मी म्हटले, "चाचा, पाकी हा निम्मा ईमान, हे मीच वर्गात शिकवते. पाकी सांभाळायला मला वाट मोकळी हवी, ती मागितली आहे." त्यांनी सही केली नाही. पण त्यांच्या सुनेने केली. कुत्रा पाळणाऱ्या दोन घरांनीही केली, हे मला अपेक्षित नव्हते.

महापालिकेचा निर्णय अजून यायचा आहे. तोवर कुत्रेवाल्यांशी बोलून एवढे ठरले आहे की सकाळी सातपर्यंत पट्टा सुटणार नाही. ज्या दोघीतिघी घरी बसल्या होत्या, त्यांच्यापैकी एक सोमवारपासून पुन्हा येऊ लागली आहे.