देवाच्या नावानं दटावू नये

धार्मिक संस्थेची बालवाडी म्हटलं की लोकांना आधी प्रार्थना आठवते. आजऱ्यात आमची बालवाडी अशाच एका संस्थेच्या आवारात भरते. नाव घालायला आलेले आईवडील दोन गोष्टी हमखास विचारतात: इंग्रजी कधी सुरू होणार, आणि संस्कार होतील ना? संस्कार म्हणजे हात जोडणं, डोळे मिटणं, चार ओळी पाठ म्हणणं. तीन वर्षांच्या पोराकडून चार ओळी घोकून घेणं काही अवघड नसतं. म्हणून संस्थेनं आम्हा बायकांना बालवाडीची मूल्यं लिहून काढायला बसवलं, तेव्हा मी एकच हट्ट धरला. मुलांनी कसं असावं हे त्यात लिहायचं नाही. मोठ्यांनी काय करायचं नाही, एवढंच लिहायचं.

पहिलंच कलम माझं होतं. देवाच्या नावानं दटावायचं नाही. "पाणी सांडलंस? देवबाप्पा बघतोय हं!" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं मुरलंय की म्हणणाऱ्याला ऐकूसुद्धा येत नाही. त्यानं पोर गप्प बसतं, हे खरं. पण अंधारातल्या बागुलबुवाकडून जे काम करून घ्यायचं तेच आपण देवाकडून करून घेतो, आणि वर त्याला भक्ती म्हणतो. गावात रवळनाथाचं देऊळ आहे, मशीद आहे, चर्च आहे. तिन्हीकडची मुलं आमच्या एकाच सतरंजीवर बसतात. कुणाचाही देव इथं चौकीदारीला ठेवायचा नाही, हे ठरवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "मग पोरं ऐकणार कशी?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आपण सांगितलेलं जेवढं ऐकतील तेवढं.

दुसरं कलम पावसाळ्यानं लिहून घेतलं. आंबोली घाटाच्या अलीकडचा आमचा पाऊस. दिवसदिवस कपडे वाळत नाहीत, आणि गारठ्यात मुलांना शू आवरत नाही. पोर जागच्या जागी कडक होऊन उभं राहतं, पायाशी थारोळं, डोळे बाईंवर. त्या क्षणी बाई काय करतात, यात त्यांच्या श्रद्धेची परीक्षा असते असं माझं मत आहे. मोठ्यानं "अगंबाई!" म्हणायचं नाही. बाकीच्यांना गाण्यात गुंतवायचं, मदतनीस मावशींनी त्याला मागच्या दारानं न्यायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, पत्र्याच्या पेटीतली कोरडी चड्डी चढवायची. ओली चड्डी पिळून पिशवीत, पिशवी दप्तरात, आणि घरी न्यायला आलेल्या आजीपाशी चारचौघांत त्याचा उल्लेख नाही. हे सगळं मावशी माझ्यापेक्षा चांगलं करतात. त्यांना कुणी मूल्यशिक्षण दिलेलं नाही.

मराठीत बालशिक्षणाची वाट ज्यांनी पाडली त्या ताराबाई मोडक प्रार्थना समाजाच्या घरात वाढल्या. त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात, म्हणजे नावातच देव असलेल्या जागी. पण १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काय केलं? वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना अंघोळी घातल्या, नखं काढली, अंगण झाडलं. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची सुरुवात झाडू आणि पाण्याच्या बादलीनं झालेली आहे. धर्माची भाषा न वापरता केलेलं एवढं धार्मिक काम मला दुसरं माहीत नाही.

मग प्रार्थना काढून टाकायची का? नाही. मला ती हवी आहे, पण शब्द कमी हवेत. माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळ आम्ही तिला जोडला आहे. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि काय ऐकू येतं ते नंतर सांगायचं. कौलांवरचा पाऊस, एसटीचा हॉर्न, शेजारच्याचं नाक. शेवटी ज्याला ज्याचे आभार मानायचे त्यानं मानायचे. एकानं जेसीबीचे मानले. मानू दिले.

मरणाचा प्रश्न मात्र चुकत नाही. "बाई, आज्जी कुठं गेली ओ?" एका घरी देवाघरी सांगितलेलं असतं, दुसऱ्या घरी स्वर्गात, तिसऱ्या घरी जन्नतमध्ये. मी उलट विचारते, "तुझ्या घरी काय सांगितलं?" आणि तेच, त्याच शब्दांत, परत म्हणते. माझं स्वतःचं उत्तर आहे, पण ते त्या घराच्या डोक्यावर ठेवायचा मला हक्क नाही. परवा या चर्चेत एक मुलगी मध्येच म्हणाली, "माझी आज्जी गडहिंग्लजला गेलीया, आत्याकडं." बाकीच्यांनी तेही मान्य केलं.

घराचा हा हक्क मी मनानं काढलेला नाही. राज्यघटनेच्या २८व्या कलमात सरकारमान्य किंवा अनुदानित शाळांसाठी लिहिलंय की धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कुणाला संमतीशिवाय बसायला लावायचं नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकांची हवी. आमची चिमुकली बालवाडी त्या चौकटीत किती बसते हा वकिलांचा विषय. मला ते शहाणपण पुरतं. यंदा प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवली: मुलानं प्रार्थनेला बसावं का? काही घरांनी 'नको' लिहिलं. कुणी कारण दिलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी मावशींबरोबर घनसाळ तांदूळ निवडायला बसवलं. सुपातून वास सुटतो, खडा सापडला की आरडाओरडा होतो. आठवडाभरात प्रार्थनेतली निम्मी मुलं एक डोळा उघडून सुपाकडं बघायला लागली, आणि मग सरळ उठून जायला लागली. विश्वस्तांना काय सांगावं कळेना. शेवटी वेळ बदलली. आता आधी सगळे मिळून तांदूळ निवडतात, प्रार्थना त्यानंतर.