समुद्राचं देणं

आइसलंडच्या उत्तरेला दोन समुद्रांची गाठ पडते. अटलांटिकचं ऊबदार पाणी बेटाला वळसा घालून वर येतं आणि ध्रुवाकडचं गार पाणी खाली उतरतं. हिवाळी वादळं हे पाणी खोलवर घुसळून काढतात, तळाशी साचलेलं सत्त्व वर आणतात. मग वसंतात सूर्य मावळायचं विसरू लागला की लाटांवर हिरवी झाक चढते. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचं ते अफाट कुरण. त्यात चरायला तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव जमतात. आणि त्यांच्या ओढीनं, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ अंडी घालून, अवघा समुद्र ओलांडून हेरिंग माशांचे कळप यायचे. पाण्याखालून वाहत येणारी चांदीच ती.

त्या वाटेवर सिग्लूफ्योर्दुर हे गाव आहे. मुख्य बेटाच्या अगदी उत्तरेकडचं. तिन्ही बाजूंनी उभे डोंगर आणि चौथ्या बाजूला फिओर्डचं शांत पाणी. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य त्या डोंगरांआड जातो, तो जानेवारी संपता संपता पुन्हा दिसतो. त्या दिवशी घरोघरी पॅनकेक होतात. ज्याला उजेडसुद्धा गृहीत धरता येत नाही, अशा गावाला समुद्राचंही येणं-जाणं ठाऊक असायला हवं होतं. पण भरभराटीच्या काळात माणूस फार पुढचं पाहत नाही.

१९०३ मध्ये नॉर्वेची माणसं इथं हेरिंग खारवायला आली आणि एका लहानशा वस्तीचं नशीब पालटलं. पुढे धक्क्यांवर वीसहून अधिक खारवण्या उभ्या राहिल्या, तेल आणि मासळीची भुकटी काढणारे कारखाने धूर सोडू लागले. उन्हाळ्यात देशभरातून मुली इथं कामाला यायच्या. बोट लागली की हाक यायची, मग मध्यरात्र असो की पहाट. तशीही तिथल्या जूनमध्ये रात्र नावालाच. वाकून एकेक मासा साफ करायचा, मिठाचा थर, माशांचा थर, पुन्हा मीठ, असं पिंप भरत जायचं. पिंप भरलं की धातूचा एक बिल्ला मिळायचा, तो बुटात टाकायचा. मजुरीचा हिशेब असा पायाशी खुळखुळत असे. मिठानं बोटं चिरत, खवले केसांत अडकत, आणि काम संपल्यावर त्याच धक्क्यावर नाच रंगत. शतकाच्या मध्यावर गावात ३,००० हून अधिक माणसं राहत होती. उग्र वास सगळीकडे भरलेला असे. गाव त्याला पैशाचा वास म्हणत असे.

साठच्या दशकात बोटींना नवे डोळे आणि नवे हात मिळाले. सोनार यंत्रानं खोल पाण्यातला कळप दिसू लागला, आणि पर्ससीनचं भलंमोठं जाळं यंत्राच्या कप्पीवरून सहज ओढलं जाऊ लागलं. नॉर्वेकडे तर बाळहेरिंगही कारखान्यात जात होता. त्याच सुमारास उत्तरेचं पाणी गार झालं, बर्फ किनाऱ्याकडे सरकला, चरण्याची कुरणं हलली. माशाच्या पाठीवर समुद्र आणि माणूस दोघेही एकदम बसले. १९६९ च्या सुमाराला हेरिंग दिसेनासा झाला. खारवण्या ओस पडल्या, तरुण माणसं दक्षिणेला गेली. हेरिंगचा तो साठा सावरायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि पुढे कळप पुन्हा फिरू लागले तरी गावाचं ते वैभव काही परतलं नाही.

१९०७ साली बांधलेल्या जुन्या नॉर्वेजियन खारवणीत आज संग्रहालय आहे. बाया राहायच्या त्या खोल्या, कपडे, पिंपं, सगळं जपलेलं. उन्हाळ्यात धक्क्यावर मासा खारवून दाखवतात, अकॉर्डियन वाजतो. पण आइसलंडनं घेतलेला खरा धडा भिंतीबाहेर आहे. कॉड मासा किती पकडायचा हे देशात आता शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून ठरतं: वयानं चार वर्षं किंवा त्याहून मोठ्या कॉडच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा. समुद्रापुढे हात जोडणं सोपं असतं. भरलेलं पाणी समोर दिसत असताना हात आखडता घेणं हीच अवघड पूजा आहे, आणि ती वर्षानुवर्षं, आकडे मांडून करावी लागते.

त्या पूजेचीही किंमत कुणीतरी मोजतं. कॉडसारख्या माशांचा ठरावीक वाटा, म्हणजे कोटा, १९८४ पासून बोटींना मिळू लागला. १९९० च्या कायद्यानं तो विकता येऊ लागला आणि मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेला. मासा समुद्रात आहे, बंदर जागेवर आहे, पण पकडायचा हक्क दुसऱ्याच गावी गेला, असं किनाऱ्यावरच्या लहान गावांनी पाहिलं. त्याच कायद्याचं पहिलं कलम मात्र सांगतं की पाण्यातला साठा साऱ्या आइसलंडी जनतेचा आहे. जूनच्या पहिल्या रविवारी, खलाशांच्या दिवशी, बोटी बंदरात असतात. समुद्रात गेलेल्यांची आठवण आणि शर्यती एकाच दिवशी होतात. ज्या समुद्रानं जीव घेतले, त्यानंच पोरं वाढवली, हे तिथं कुणाला समजावून द्यावं लागत नाही. अशा समुद्राशी इमान राखायचं तर दोन प्रश्न रोज विचारावे लागतात: किती घ्यायचं, आणि घेतलेलं कुणाकुणाच्या ताटात जातं? पहिल्याचं उत्तर आइसलंडनं हेरिंग गमावून मिळवलं. दुसऱ्यावर तिथं अजून भांडण चालू आहे, आणि ते चालू राहणंच समुद्राच्या हिताचं आहे.